हातात छडी, समोर शंभर वाद्यं



आज आम्ही एका कंडक्टर बाईची गोष्ट सांगणार आहोत. कंडक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटी येते, खाकी कपडे येतात, तिकिटाचं मशीन येतं. एसटीत आता बायकाही कंडक्टर आहेत, त्याचं आपल्याला नवल राहिलेलं नाही. पण ही कंडक्टर वेगळी. मोठ्या वाद्यवृंदासमोर उभं राहून जी हातातल्या छोट्या छडीनं सगळ्यांना वाजवायला लावते, ती. तिचं नाव अँटोनिया ब्रिको. जन्म १९०२ साली, हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात. आयुष्य गेलं अमेरिकेत.

हा विषय ठरला तेव्हा आमच्यातच कुरबुर झाली. "आपल्याला त्या इंग्रजी बाजाचं काय करायचंय?" असं एक मावशी म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "ती स्वतः काय वाजवते?" आम्ही म्हटलं, काहीच नाही. "मग पैसे कशाचे घेते?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून आधी त्याचंच उत्तर.

लेझीम आठवा. चाळीस मुली मैदानात आहेत, हलगी वाजतेय, आणि पुढे एक जण शिट्टी घेऊन उभा आहे. तो स्वतः लेझीम खेळत नाही. पण तो नसला तर पुढची रांग बसते आणि मागची उठते. वाद्यवृंदात साठ-सत्तर, कधी शंभर वादक असतात. व्हायोलिनवाले तीसेक, मग बासरी, सनईच्या जातीची वाद्यं, तुताऱ्या, नगारे. प्रत्येकाच्या समोर फक्त त्याच्या वाद्यापुरता कागद असतो. सगळ्यांचं मिळून लिहिलेलं मोठं पुस्तक फक्त कंडक्टरपुढे. कुणी कधी सुरू करायचं, कुणी दबून वाजवायचं, कुठं थांबायचं, हे तिनं आधी घरी बसून पाठ केलेलं असतं, तालमीत वादकांकडून करून घेतलेलं असतं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती ते हातांनी सांगते. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. त्यात तर काम दुप्पट. रंगमंचावर नट गात असतात, त्यांच्यापुढे खाली खड्ड्यासारख्या जागेत वादक बसलेले असतात. दोघांना एकमेकांचं नीट ऐकूही येत नाही. मधली गाठ म्हणजे कंडक्टर.

आपल्याकडेही हे होतं, फक्त आपण कधी पाहिलं नाही. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत मागे जो व्हायोलिनचा ताफा वाजतो, त्याची लिखापढी करणारे आणि त्याच्यासमोर उभे राहणारे बरेचसे गोव्याचे होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावं. आणि जगातल्या नामांकित कंडक्टरांपैकी एक, झुबिन मेहता, १९३६ साली आपल्या मुंबईतच जन्मले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या अमेरिकेतल्या फार जुन्या वाद्यवृंदाचे ते १९७८ ते १९९१ संचालक होते. हा वाद्यवृंद लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तर ही वाद्यवृंदाची छडी बाईच्या हातात द्यायची नाही, असा तिकडे अलिखित नियम होता. व्हायोलिन वाजवा, पियानो वाजवा, गाणं म्हणा, पोरांना शिकवा, सगळं चालेल. पुढे उभं राहून पुरुषांना हुकूम द्यायचा नाही. मैत्रिणींनो, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

अँटोनियाची सुरुवातच अवघड. आई अविवाहित. मूल दुसऱ्या जोडप्याकडे वाढायला गेलं. त्यांनी तिचं नाव विल्हेल्मिना ठेवलं आणि १९०८ साली तिला घेऊन ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले. त्या घरात तिला माया मिळाली नाही. पियानो मिळाला तोही औषध म्हणून. पोर नखं फार खाते, तिचे हात कशात तरी गुंतवा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून शिकवणी लावली. मोठी झाल्यावर आपलं मूळ नाव कळलं, तेव्हा तिनं तेच परत घेतलं, अँटोनिया ब्रिको. बर्कलेच्या विद्यापीठातून ती १९२३ साली पदवीधर झाली. त्या काळातच तिनं सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑपेरात संचालकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम केलं. तालमी जवळून पाहिल्या. मला पियानो वाजवायचा नाही, ते पुढे उभं राहून करतात ते करायचंय, हे तेव्हा पक्कं झालं.

अमेरिकेत कोण शिकवणार? मग ती जर्मनीला गेली. १९२७ साली बर्लिनच्या सरकारी संगीत अकादमीत तिला कंडक्टरांच्या खास वर्गात प्रवेश मिळाला. १९२९ साली ती त्या वर्गातून उत्तीर्ण झाली. तिथून उत्तीर्ण झालेली ती पहिली अमेरिकन व्यक्ती. पहिली बाई नव्हे, पहिली व्यक्ती. कार्ल मुक नावाचे फार कडक गुरू होते, त्यांच्याकडे तिनं पुढेही शिक्षण घेतलं. आणि १९३० साली, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, ती बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभी राहिली. हा जगातल्या पहिल्या दोन-चारांत मोजला जाणारा वाद्यवृंद. वर्तमानपत्रांनी चांगलं लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचं संचालनही तिनं केलं.

इथपर्यंत ऐकून आमच्या बैठकीत एक जण म्हणाली, "म्हणजे झालं की तिचं." आम्हालाही तसंच वाटलं होतं. शिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं, मोठ्या ठिकाणी करून दाखवलं. आता कोण अडवणार?

१९३३ साल. अमेरिकेत महामंदी होती. लाखो लोक बेकार, त्यात वादकही. न्यूयॉर्कच्या बेकार वादकांना काम मिळावं म्हणून एक वाद्यवृंद उभा केला होता. त्याचे कार्यक्रम मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये, म्हणजे त्या देशातल्या सगळ्यात मानाच्या नाट्यगृहात होत. अँटोनियाला तीन कार्यक्रम दिले. दोन झाले. लोकांना आवडले. तिसऱ्यात जॉन चार्ल्स थॉमस नावाचे मोठे गायक गाणार होते. त्यांनी बाईच्या हाताखाली गायला नकार दिला. तिसरा कार्यक्रम तिच्या हातून गेला.

हे लिहिताना आम्ही जरा थांबलो. आमच्या मसाला केंद्राची शेड बांधताना आलेला एक मिस्त्री आठवला. जोत्याची उंची किती ठेवायची हे आम्ही ठरवलं होतं, कागदावर होतं, पैसे आमच्या गटाच्या खात्यातून जाणार होते. तो ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचा, "साहेब कोण आहेत? त्यांना बोलवा." साहेब कुणी नव्हतेच. शेवटी आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांना खुर्चीवर आणून बसवलं. ते बिचारे आम्ही सांगू तेच मोठ्यानं म्हणायचे, आणि काम पुढे सरकायचं. तेव्हा आम्ही हसलो. आता वाटतं, त्या खुर्चीचं भाडं आपण फार भरतो.

अँटोनियानं कुणाला खुर्चीवर बसवलं नाही. तिनं १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांचाच वाद्यवृंद उभा केला.

हे कसं जमलं ते बघा. संगीताच्या शाळांतून शिकून तयार झालेल्या कितीतरी बायका शहरात होत्या, पण वाद्यवृंदात त्यांना कुणी घेत नव्हतं. घेतली तर हार्पवालीला घ्यायचे, कारण ते वाद्य बाईला शोभतं म्हणे. तुतारी फुंकताना बाईचा चेहरा वाईट दिसतो, मोठा नगारा तिला झेपत नाही, तालमींना ती वेळेवर येणार नाही, लेकरं आजारी पडतील, अशी कारणं सांगायचे. अँटोनियानं या बायका शोधून काढल्या. व्हायोलिनवाल्या भरपूर मिळाल्या. तुतारी आणि नगारे वाजवणाऱ्या मिळवणं अवघड गेलं, कारण ज्या कामाला कुणी घेतच नाही ते काम मुली शिकतील कशाला? तरी वाद्यवृंद पुरा झाला. शहराचे महापौर ला गार्डिया यांनी आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी पाठबळ दिलं. १९३५ साली पहिला कार्यक्रम झाला. पुढे कार्नेगी हॉलसारख्या नामांकित सभागृहातही त्या वाजवू लागल्या.

आणि जुलै १९३८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं संचालन करणारी पहिली बाई म्हणून अँटोनिया उभी राहिली. उन्हाळ्यात उघड्या मैदानावर कार्यक्रम होत, त्यातला हा एक होता. आतल्या सभागृहातला मुख्य हंगाम नव्हे. पाहुणी म्हणून या, वर्षाला एकदा या. घराची किल्ली मात्र मिळणार नाही.

आता जो भाग येतोय त्यावर आमच्या महासंघाच्या बैठकीत पाऊण तास वाद झाला, म्हणून तो नीट सांगतो.

१९३९ साली अँटोनियानं आपल्या वाद्यवृंदात पुरुषांना घेतलं. नावही बदललं, ब्रिको सिम्फनी ऑर्केस्ट्रा केलं. तिचं म्हणणं असं की बायकांना वेगळं वाजवता येतं हे दाखवण्यासाठी आपण हा खटाटोप केला नव्हता. बाया आणि बाप्ये शेजारी शेजारी बसून वाजवू शकतात, संगीतात दोघांचं काम सारखं, हे तिला हवं होतं. फक्त बायकांचा वाद्यवृंद ही तिच्या दृष्टीनं पहिली पायरी होती, माडी नव्हे.

विचार सरळ होता. पण झालं काय? बायकांचा वाद्यवृंद ही एक अपूर्वाई होती. लोक बघायला येत, देणगी देत. पुरुष आले तशी अपूर्वाई संपली. असे मिश्र वाद्यवृंद काय, पुष्कळ होते, आणि त्यांच्यापुढे पुरुष कंडक्टर होते. देणाऱ्यांचं लक्ष उडालं. हा वाद्यवृंद फार काळ टिकला नाही.

आमच्यात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, तिनं चूक केली. आपली एकुलती एक जागा स्वतःच्या हातानं मोडली. आपल्या गटात पुरुष सभासद घेतले तर सहा महिन्यांत खातं कुणाच्या सहीनं चालेल ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या म्हणाल्या, जन्मभर महिला दिनाच्या पंडालातच वाजवायचं का? मुख्य बाजारात दुकान कधी टाकायचं? आमचं स्वतःचं मत विचाराल तर, तिचं म्हणणं खरं होतं आणि वेळ चुकली. पण वेळ बरोबर कधी आली असती, हे आम्हालाही सांगता येत नाही. त्या दिवशी बैठकीत काही ठरलं नाही. चहा झाला आणि कर्जवाटपाचा विषय घेतला.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. पुरुष वादक लढाईवर गेले आणि रिकाम्या खुर्च्यांवर बायकांना बोलावणी आली. कालपर्यंत ज्या हातांना नगारा झेपत नव्हता, त्यांना तो अचानक झेपू लागला.

अँटोनिया १९४२ साली डेन्व्हर या शहरात राहायला गेली. या शहराच्या मुख्य वाद्यवृंदाला त्या दशकात नवा संचालक हवा होता. तिच्या मनात आशा होती. ती जागा पुरुषाला मिळाली. फिनलंडचे थोर संगीतकार सिबेलियस यांच्या निमंत्रणावरून तिनं हेलसिंकीला जाऊन संचालन केलं. परदेशात मान मिळत होता. राहत्या गावात मात्र तिच्या वाट्याला हौशी वादकांचा वाद्यवृंद आला. दिवसा नोकरी-धंदा करणारी माणसं संध्याकाळी वाद्यं घेऊन येत. त्याचं नाव होतं बिझनेसमेन्स ऑर्केस्ट्रा, म्हणजे व्यापारी पुरुषांचा वाद्यवृंद. पुढे उभी बाई! नंतर या वाद्यवृंदालाही ब्रिकोचंच नाव दिलं गेलं. तीसेक वर्षं तिनं तो सांभाळला. पोटासाठी पियानोच्या शिकवण्या घेतल्या.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर तिचं दुःख कळत नाही. आपण म्हणू, वाद्यवृंद नाही मिळाला तर घरी बसून सराव करावा. व्हायोलिनवाली करू शकते. गाणारी स्वयंपाक करता करता गुणगुणू शकते. जिच्या गळ्यात ओवी आहे तिला जातंसुद्धा पुरतं. कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोरची शंभर माणसं. ती नसतील तर तिच्या हातात नुसती छडी. पुस्तक वाचायचं, मनातल्या मनात ऐकायचं, आणि पुस्तक मिटायचं. अँटोनियाला वर्षाकाठी चार-पाच कार्यक्रम मिळायचे, आणि महिन्याला तेवढे करायची ताकद अंगात होती, हे तिनं उतारवयात कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं. ते बोलताना ती रडत नाही, चिडते. ते आम्हाला बरं वाटलं.

हा कॅमेरा कुठून आला, तेही सांगतो. डेन्व्हरला तिच्याकडे पियानो शिकायला एक मुलगी यायची, जूडी कॉलिन्स. तेराव्या वर्षी ही मुलगी अँटोनियाच्या वाद्यवृंदाबरोबर मोझार्टची रचना वाजवायला बसली होती. बाईंना वाटलं, ही मोठी पियानोवादक होणार. पोरीनं पियानो सोडला, गिटार घेतली आणि लोकगीतं गायला लागली. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. पण ही जूडी गायिका म्हणून जगभर गाजली, हातात पैसा आला, आणि तिनं जिल गॉडमिलो या दिग्दर्शिकेबरोबर आपल्या शिक्षिकेवर माहितीपट काढला. १९७४ साल. माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. गुरूचं ऐकलं नाही आणि गुरुदक्षिणा अशी दिली, असं आमच्यातल्या एकीनं म्हटलं.

लोकांनी तो पाहिला आणि विचारू लागले, ही बाई इतकी वर्षं कुठं होती? बोलावणी सुरू झाली. १९७५ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये मोझार्ट महोत्सवात ती उभी राहिली. वय त्र्याहत्तर. लॉस एंजेलिसला हॉलिवूड बाऊलमध्येही गेली, जिथं ती १९३० साली तरुणपणी उभी होती. मधली पंचेचाळीस वर्षं कुणी परत करू शकत नव्हतं. मोठ्या वाद्यवृंदाचं कायमचं पद तिला शेवटपर्यंत मिळालं नाही. १९८९ साली डेन्व्हरला ती गेली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन.

आणि ते मेट्रोपॉलिटन ऑपेरा? जिथं १९३३ साली गायकानं नकार दिला होता, त्या संस्थेची इमारत मधल्या काळात बदलली, पण ऑपेराचं संचालन बाईनं करायला १९७६ उजाडलं. १३ जानेवारीला सारा कॅल्डवेल नावाच्या बाईनं तिथं 'ला त्राविआता' हा ऑपेरा केला. यावेळी गोष्ट उलटी घडली. मुख्य गायिका बेव्हर्ली सिल्स होत्या, आणि सारा असेल तर मी गाईन, असा आग्रह त्यांनी धरला होता. एका गाणाऱ्याच्या नकारानं जे गेलं, ते त्रेचाळीस वर्षांनी एका गाणारीच्या हट्टानं आलं.

साराबद्दल थोडंसं, कारण आपल्याला हिशेबाची सवय आहे. तिनं कुणाच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. पाच हजार डॉलरच्या भांडवलावर बॉस्टनमध्ये स्वतःची ऑपेरा कंपनी काढली आणि १९५८पासून तीसेक वर्षं चालवली. मोठमोठे, अवघड ऑपेरे तिनं केले. पण पैसा हाताशी नसताना खर्च करायची. कंपनी सतत कर्जात, आणि शेवटी १९९०च्या सुमारास बंद पडली. छडी कशी धरावी हे तिच्याकडून शिकावं, खातेवही कशी ठेवावी हे नव्हे. असं आम्ही म्हटल्यावर आमच्या सचिव बाई म्हणाल्या, वही नीट ठेवली असती तर ते अवघड ऑपेरे झालेच नसते. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

वादक बायकांचं पुढे काय झालं, ते सांगून आवरतो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बऱ्याच वाद्यवृंदांनी भरती करताना मध्ये पडदा लावायला सुरुवात केली. वाजवणारा पडद्याआड, ऐकणारे अलीकडे. नाव नाही, चेहरा नाही, नुसता नंबर. काही ठिकाणी जमिनीवर गालिचासुद्धा टाकला, कारण चपलेच्या टाचेच्या आवाजावरून कळायचं की आत आलेली बाई आहे. १९७० साली तिथल्या पहिल्या पाच मोठ्या वाद्यवृंदांत शंभरात पाचही बायका नव्हत्या. १९९७पर्यंत पंचवीस झाल्या. सगळं श्रेय पडद्याचं नाही, पण बराच वाटा त्याचा, असं याचा हिशेब मांडणाऱ्यांनी लिहून ठेवलंय.

मावशींनी हे ऐकलं आणि लगेच विचारलं, "आणि पुढं उभी राहणारीला पडदा कसा लावायचा?"

कंडक्टरला पडदा लावता येत नाही. तिला सगळ्यांनी बघावंच लागतं. मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाचं मुख्य पद पहिल्यांदा बाईला मिळालं ते २००७ साली, बाल्टिमोरला, मॅरिन अल्सॉप यांना. अँटोनिया बर्लिनला उभी राहिली त्याला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.